खाटेखाली बघणाऱ्या मोठ्या सिस्टर

मोठ्या सिस्टर वॉर्डात शिरल्या की आधी खाटेखाली बघायच्या.

पुरुषांचा सर्जरी वॉर्ड होता तो. खाटेवर पेशंट, हाताला सलाईन, उशाशी बिस्किटाचा पुडा. खाटेखाली एक पिशवी, डबा, चपला, गुंडाळलेली सतरंजी आणि बहुतेक वेळा त्या सतरंजीला टेकून बसलेली पेशंटची म्हातारी बायको. येणारा-जाणारा प्रत्येक जण वरच्या माणसाला विचारायचा, "काय काका, कसं वाटतंय?" सिस्टर मात्र कमरेत वाकायच्या आणि खालच्या बाईला विचारायच्या, "अव्वा, तुला काय होतंय?"

सिस्टर उदगीरच्या. तिकडे मराठीत कानडी शब्द सहज मिसळतात, त्यामुळे वयस्कर बाई दिसली की ती त्यांची अव्वा, म्हणजे आई. ती बाई दचकायची. मग हसून बोट वर करायची. "मला न्हाई ओ, ह्यांला झालंय."

"ह्यांचं ठाऊक हाय मला. कागदावर लिहिलंय. तुझं कुठंच लिहिलेलं न्हाई, म्हणून इचारून राहिले."

नांदेडच्या ज्या दवाखान्यात हे चालायचं, तिथे मी सहा वर्षांपासून समाजसेवा अधीक्षक आहे. नाव मोठं असलं तरी काम कागदांचं. कुणाचं आधार कार्ड नाही, कुणाच्या रेशन कार्डावर नाव चुकलंय, ते नीट करून ऑपरेशन योजनेत बसवायचं. मी भोकर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. माझे वडील, आबा, मला पाच वर्षं रोज सायकलवर मागे बसवून एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायचे, म्हणून मी शिकले. हे मी कुठेही सांगते. नोकरीवर आले तेव्हा मला डॉक्टरांशी बोलायची भीती वाटायची. वॉर्डाच्या टोकाला एका स्टुलावर बसून फॉर्म भरायचे. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी स्वतःची खुर्ची ओढून दिली आणि म्हणाल्या, "मॅडम, हितं बसा. कागद काय, होत राहतेत. आधी खाट बघायला शिका. एका खाटेला दोन माणसं असतेत."

मला 'मॅडम' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. चिडवण्यासाठी म्हणायच्या, तरी बरं वाटायचं.

सिस्टरांची कामाची एक पद्धत होती. ती कुठल्याही नियमात बसत नव्हती आणि कुठला नियम मोडतही नव्हती. सकाळी दहाला मोठ्या डॉक्टरांचा राऊंड असतो. त्याआधी शिपाई शिट्टी मारतो, "नातेवाईक बाहेर चला, बाहेर," आणि वॉर्डातली सगळी सोबतची माणसं व्हरांड्यात काढली जातात. राऊंड, ड्रेसिंग, साफसफाई धरून दोन तास जातात. तेवढा वेळ या बायका भिंतीला टेकून, डबा मांडीवर घेऊन बसून राहायच्या. सिस्टरांनी हे दोन तास हेरले. साडेनऊलाच त्या खिडकीवर जाऊन चार-पाच केसपेपर काढून आणायच्या आणि शिट्टी झाली की एकेकीच्या हातात द्यायच्या. "तू डोळ्याच्या विभागात जा. तू बायकांच्या. तू एक्स-रेला. बाराला तुझा मालक पाणी मागंल, तवर परत ये."

"मालकाला इचारलं न्हाई, सिस्टर."

"त्यानं हर्नियाचं तुला इचारून केलं व्हतं का?"

कुरकुर व्हायची. मुदखेडचे एक काका, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले होते, "सिस्टर, पेशंट मी हाय का ती? तिला कुठं धाडलं? माझं पाणी कोण देणार?"

"मी देते की. तेहतीस वर्षं तेच करून राहिले," असं म्हणून सिस्टरांनी तांब्या उचलला. "काका, तुमची बायको गिलासात पाणी ओतते का गिलासाच्या बाजूला, कधी बघितलं का?"

काकांनी बघितलं नव्हतं. सिस्टरांनी बघितलं होतं. म्हातारी आधी बोटानं ग्लासाची कड चाचपायची आणि मग ओतायची, तरी निम्मं पाणी फरशीवर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. परत आल्यावर ती म्हणाली, "घरातलं सगळं मला पाठ हाय बाई. चूल, पीठ, मीठ. दिसायची काय गरज हाय?" आठवड्यानं तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर ती वॉर्डात आली, नवऱ्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लई म्हातारे झाले की ओ तुम्ही." त्या दिवशी अख्खा वॉर्ड हसला, टाके दुखत असणारेसुद्धा.

सगळ्याच गोष्टी अशा व्हायच्या नाहीत. देवणीकडची एक बाई होती, छातीत गाठ असलेली. तपासणीला पाठवली, सुईनं तुकडा काढून घेतला, आणि अहवाल येण्याच्या दोन दिवस आधी तिच्या नवऱ्याला सुट्टी झाली. तो घरी गेला, म्हणजे तीही गेली. केसपेपरवर तिच्या नावापुढे जो फोन नंबर होता तो मुलाचा. सिस्टरांनी चार वेळा फोन केला. "माय रानात गेलीय." "माय लग्नाला गेलीय." "सांगतो." पाचव्या वेळी नंबर लागलाच नाही. अहवाल वाईट होता. सिस्टर तो कागद हातात धरून औषधाच्या कपाटापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बाईचा नंबर बाईचा नसतो, मॅडम. तो कुणाच्या तरी खिशात असतो." मग कागद घडी करून फाईलीत लावला आणि साडेबाराच्या इंजेक्शनांना लागल्या.

डॉक्टरांनाही त्या सोडत नसत. नवीन डॉक्टर चांगली पोरं असायची, मायाळू बोलायची, पण साठीच्या पुरुषाला म्हणायची, "काका, करून टाकू ऑपरेशन, महिन्यात चालायला लागाल." साठीच्या बाईला म्हणायची, "आजी, वयानं होतंच हो असं. गोळ्या घ्या, आराम करा." एकदा सिस्टर एका डॉक्टरला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तिचा नवरा तिच्यापरीस सहा वर्सानं मोठा हाय. तो काका आन ती आजी कशी काय झाली?" तो बिचारा लाजला. त्या बाईला त्यानं परत बोलावून नीट तपासलं. आराम करा म्हणणाऱ्यांवर सिस्टरांचा विशेष राग. म्हणायच्या, "आराम कर म्हणणं सोपं हाय. कोणत्या खाटेवर करू, ते बी लिहून द्या म्हणावं."

आता माझ्या घरचं सांगते.

चार वर्षांपूर्वी आबांना हर्निया झाला. खोकलं की जांघेत फुगा यायचा. आबांनी तो गावभर सांगितला, पारावर सांगितला, फोनवर मला सांगितला. मी आठ दिवसांची रजा टाकली, कागद केले, आणि आठवड्याच्या आत आबा सिस्टरांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर होते. मला अभिमान वाटत होता. ज्या बापानं सायकलवर नेलं, त्याला मी गाडी करून आणलं होतं. सोबतीला माय आली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, तुमची माय बसत का न्हाई?"

मी म्हणाले, "तिला उभं राहायची सवय आहे."

खरंच होती. माय चुलीपुढे अर्धवट वाकून उभी राहायची, एसटीत जागा असली तरी दांडा धरून उभी राहायची. लग्नाच्या पंगतीत ती वाढायला असायची, कधी पानावर बसलेली आठवत नाही. आम्ही भावंडं हसायचो, 'माय म्हणजे विजेचा खांब.' सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दहाची शिट्टी झाली आणि त्यांनी मायच्या हातात केसपेपर दिला. माझ्या नव्हे. मी तिथेच समोर उभी होते.

बाराला माय परत आली. केसपेपर मी तिच्या हातातून घेतला. गर्भपिशवी पूर्ण बाहेर आलेली. आमच्याकडे बायका याला 'अंग येणं' म्हणतात, तेही एकमेकींच्या कानात. तिला बसलं की घासायचं, म्हणून ती बसत नव्हती. लुगड्याच्या चिंध्यांची घडी लावून रानात जायची. 'कधीपासून' या शब्दापुढे डॉक्टरनं लिहिलं होतं, अकरा वर्षे.

अकरा वर्षं म्हणजे माझं कॉलेजचं पहिलं वर्ष.

मी विचारलं, "माय, काहून सांगितलं नाहीस?"

"तुझी परीक्षा व्हती."

"अकरा वर्षं परीक्षा होती का माझी?"

माय म्हणाली, "एक झाली की दुसरी असायचीच की गं." आणि आबांचा डबा उघडायला लागली.

सिस्टरांनीच आबांना सांगितलं. मला जमलं नसतं. आबा पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाले, "मला कुठं म्हणाली ती?" मग जरा वेळानं, "करू की. सोयाबीन निघू दे." त्यांच्यावर मी काय रागावू? त्यांच्या मागे मीही म्हणाले, "हो, दिवाळीनंतर बघू. माझी रजाही आता संपलीय." बोलले मीच. आबांच्या फुग्यासाठी आठ दिवस होते माझ्याकडे. मायच्या अकरा वर्षांसाठी दिवाळीनंतर.

सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत होत्या. थांबल्या. "मॅडम, तुम्ही रोज ह्या बायांचे कागद करता. तुम्ही बी त्यांच्या पोरांसारख्याच निघालात." आवाज चढवला नव्हता. दमलेल्या माणसाचा आवाज होता तो. मी त्यांच्या खुर्चीत बसले होते. उठून स्टुलावर गेले.

त्यातही लगेच ऑपरेशन होणार नव्हतंच. मायच्या अंगात रक्त सात भरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या, इंजेक्शनं, तीन महिने, मग बघू. तीन महिन्यांसाठी घरी गेलेली बाई परत येत नाही, हे सिस्टरांइतकं कुणाला ठाऊक? आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्या निवृत्त होत होत्या. निरोपाला आम्ही त्यांना साडी दिली, हार घातला. सगळ्यांची भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "दहा वाजत आलेत, राऊंड व्हायचा हाय," आणि हार काढून टेबलावर ठेवला.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी आबांचा फोन आला, "अगं, तुझ्या त्या सिस्टर बाईंचा फोन आला व्हता. मला म्हणल्या, भाऊ, गोळ्याचं पाकीट हातात घ्या आन सांगा किती राहिल्यात. एकोणीस राहिल्या म्हणलं, तर म्हणे सतराच पायजेत, दोन दिवस बुडवले." आबा मनापासून ओशाळले होते. सिस्टरांनी मायला एक शब्द विचारला नव्हता. नंबर आबांच्या खिशात होता, तर त्यांनी खिशालाच जबाबदार धरलं. दर रविवारी सकाळी फोन. तिसऱ्या रविवारी आबा फोन यायच्या आधी गोळ्या मोजून बसलेले. महिन्याभरानं ते स्वतः उठून मायला गोळी आणि पाण्याचा तांब्या द्यायला लागले. माय म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा ह्यांच्या हातचं पाणी पिऊन राहिले. लोखंडाची गोळी गोड लागून राहिली."

संक्रांतीनंतर मायचं रक्त साडेदहा झालं. तारीख मिळाली. आता प्रश्न एकच, सोबत कोण? बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नाहीत. वहिनीला नववा महिना. मला दिवसा ड्यूटी, आणि रजा मागितली ती चारच दिवसांची मिळाली. बहीण परभणीला, तिच्या सासूला अर्धांग. बाई म्हणजे सगळ्यांची सोबत. तिच्या सोबतीला घरात कुणी उरत नाही, हे मी फॉर्म भरताना शंभरदा ऐकलं होतं. फोनवर सिस्टरांना एवढंच म्हणाले, "तारीख पुढं ढकलावी लागतेय."

"न्हाई," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या उदगीरहून एसटीनं आल्या. हातात पिशवी, काखेत सतरंजी. मायच्या खाटेचा पाय धरून हळूहळू खाली बसल्या. एक गुडघा दुमडला, दुसरा दुमडेना, तो तसाच पुढे लांब सोडला. मी त्यांना पहिल्यांदाच खाटेखाली बघत होते.

सहा दिवस राहिल्या. मायला कुशीवर वळवलं, तोंड धुतलं, मोसंबी सोलून दिली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दहाला शिट्टी झाली. ड्यूटीवरची नर्स नवी होती, त्यांना ओळखत नव्हती. म्हणाली, "ओ मावशी, चला बाहेर, राऊंड आहे." मी सांगायला पुढे झाले तर सिस्टरांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. खाट धरून उठल्या, भिंत धरून व्हरांड्यात गेल्या आणि इतर बायकांच्या रांगेत जाऊन बसल्या. दोन तास. लांब सोडलेला गुडघा तळहातानं दाबत.

त्या दोन तासांत मी त्यांच्या नावाचा केसपेपर काढला नाही. हाडांचा विभाग जिना उतरून डाव्या हाताला आहे. मी मायच्या रिपोर्टांमागे पळत होते. त्यांना बघितलं, गुडघा बघितला, आणि पुढे गेले. सुचलंच नाही. जायच्या दिवशी एसटीत बसवताना विचारलं, "तुमचे गुडघे?" तर म्हणाल्या, "माझं काय, बघू. ह्यांचे दोन्ही लातूरला बदलून घेतले ना औंदा. लई छान चालतेत." आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझा गाल चिमटीत धरला. "मायला दीड महिना घागर उचलू देऊ नको, मॅडम."

त्याला आता तीन वर्षं झाली. माय बरी आहे. ती बसते. जेवायला सगळ्यांसोबत मांडी घालून बसते, उगाचच दारात बसते, फोनवर मला सांगते, "काय न्हाई, बसलेय." दवाखान्यात साडेनऊला केसपेपर मी काढते. शिट्टी झाली की वाटते. पाचातल्या तिघी जातात, एखादी परत येते, एखादीचा नंबर लागत नाही. कधी कधी फार दमायला होतं. पण खाटेखाली बघायची सवय मात्र सुटत नाही.

सिस्टर आता दारापर्यंतच चालतात, असं त्यांच्या सुनेनं गेल्या महिन्यात सांगितलं. मी फोन केला तर म्हणाल्या, ह्यांचा मोतीबिंदू होऊ दे, मग नातवाची दहावी, मग बघू. सुट्टीला गावी गेले तेव्हा मायला सांगितलं. ती दारात बसली होती. जरा वेळ बोटांनी उंबरा पुसत राहिली आणि म्हणाली, "तिच्यापाशी मी ऱ्हाते. आठ दिवस ऱ्हाते, पंधरा ऱ्हाते. तू कागद काढ."

आबा आतून म्हणाले, "जा. माझं मी बघतो."

परवा मी हाडांच्या विभागाचा केसपेपर काढला. नाव, वय लिहिलं. फोनच्या जागी त्यांचा स्वतःचा नंबर लिहिला, तेवढा मला पाठ आहे. मग फोन लावला आणि सांगितलं की कागद तयार आहे, सोमवारी गाडी पाठवते, सोबतीला माय आहे, तिनं सतरंजी काढून ठेवलीय.

त्या म्हणाल्या, "येते. राऊंड अजून दहालाच असतो का, मॅडम?"

"दहालाच," मी म्हणाले.